जयपूरचा पाणीउपसा

जयपूर पाहून परतणारा मराठी प्रवासी बहुधा त्या नगराच्या सरळ रेषांची स्तुती करीत घरी येतो, आणि ती स्तुती यथार्थही आहे. कारण १८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंहाने ज्या राजधानीचा पाया घातला आणि विद्याधर भट्टाचार्य या बंगाली कारभाऱ्याच्या साहाय्याने जिच्या चौकड्या, चौपड व राजरस्ते आखून घेतले, तिच्या नियमबद्धतेला त्या काळच्या हिंदुस्थानात तोड नव्हती. परंतु या आडव्या रेषांखेरीज त्या नगराला एक उभी रेषाही आहे. ती कोणत्याही नकाशावर काढलेली नसते. भूगर्भातल्या पाण्यापासून निघून घरातल्या घागरीपर्यंत जाणारी ही रेषा तीनशे वर्षांत किती लांबली, ती कोणाच्या बळावर उभी राहिली आणि तिची निगा कोणी राखली, या प्रश्नांच्या अनुरोधाने जयपूरचा इतिहास पाहिला म्हणजे राजवाडे आणि बाजारपेठा यांच्या वर्णनात न सापडणारे पुष्कळसे हाती लागते. वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही बव्हंशी चातुर्मासात. जवळपास बारमाही नदी नाही. एका अंगाला अरवलीचा कठीण खडक आणि दुसऱ्या अंगाला पाणी झिरपवून खोल नेणारी वाळू: अशा भूमीवर राजधानी वसविणे म्हणजे पाणी वर चढविण्याचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या पत्करणे होय.

या व्रताचा आरंभ जयपूरच्या आधीच्या राजधानीत, आमेरला, पाहावयास मिळतो. तेथील राजप्रासाद डोंगराच्या अंगावर आणि मावठा तलाव त्याच्या पायथ्याशी. त्यामुळे तलावाचे पाणी एकावर एक बसविलेल्या रहाटांच्या टप्प्यांनी वर नेण्यात येत असे. खालच्या रहाटाने उचललेले पाणी मधल्या हौदात पडावे, तेथून पुढच्या रहाटाने ते उचलावे आणि असे चढत चढत ते महालाच्या टाक्यांत पोहोचावे, अशी ती योजना होती. एकदा पाणी उंचावर पोहोचले की पुढचे काम त्याचे वजनच करी. हमामखान्याच्या नळ्या आणि सुखनिवासातून वाहणारी शीतल जलधारा यांना लागणारा दाब वरच्या टाक्यांतूनच मिळत होता. आमेरच्या माथ्यावरील जयगडावर मात्र रहाटांचा उपाय पुरेसा नव्हता. तेथे डोंगरउतारावर लांबवर चर खणून पावसाचे पाणी गाळ बसविणाऱ्या हौदांतून गडावर आणले गेले आणि सुमारे ६० लाख गॅलन पाणी मावेल एवढे टाके बांधले गेले. १९७६ साली आणीबाणीच्या काळात या टाक्यांच्या परिसरात गुप्तधनाचा सरकारी शोध झाला आणि वृत्तपत्रांचे रकाने त्याने भरले. वस्तुतः निर्जल डोंगरावर साठविलेले पाणी हेच त्या गडाचे धन होते, आणि ते तेथे उघडपणे ठेवलेले होते.

मराठी वाचकाचे जयसिंहाच्या काळाशी दुहेरी नाते आहे. आपल्या बखरी आणि पेशवे दफ्तर यांत जयपूरचे नाव येते ते बहुतांशी चौथाईच्या बाकीसंबंधाने आणि त्या बाकीपायी झालेल्या लढायांसंबंधाने. तथापि त्याच दरबारात दक्षिणेतून गेलेल्या पंडितांना मोठा मान होता. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण, आणि ब्रह्मपुरीतील पुंडरीकांची हवेली आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीय. ज्या काळी या मंडळींच्या साहाय्याने जयसिंह टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात उतरवून घेत होता आणि युरोपीय ज्योतिष जाणून घेण्यासाठी पोर्तुगालच्या राजाकडे शिष्टमंडळ रवाना करीत होता, त्याच्या थोड्या आधीच इंग्लंडात, १७१२ साली, न्यूकोमेन याने कोळशाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठी वाफेचे पहिले चालते यंत्र उभे केले होते. तारे मोजण्याची पाश्चात्त्य विद्या जयपुरास त्याच पिढीत पोहोचली. पाणी उचलण्याची विद्या यावयास आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

त्या दीडशे वर्षांत नव्या नगराने आपल्या साधनांनी काम भागविले, आणि ते चांगले भागविले. शहराच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या द्रव्यवतीचे पाणी, जिला पुढे अमानीशाहचा नाला म्हणू लागले तिचे, अडवून कालव्याने शहरात आणले गेले आणि मुख्य बाजाराच्या रस्त्याखालून नेले गेले. राजरस्ते जेथे एकमेकांना छेदतात त्या चौपडींवर कुंडे बांधली होती आणि तेथे सामान्य प्रजेला पाणी मिळत असे. पुढे नळ आल्यावर ही कुंडे झाकली गेली व लोकांच्या स्मरणातूनही गेली. परंतु एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मेट्रोच्या भुयारासाठी छोटी चौपड आणि बडी चौपड येथे खोदकाम झाले, तेव्हा ती कुंडे व त्यांची दगडी गोमुखे पुन्हा प्रकाशात आली. या रचनेत उपशाचे श्रम जवळजवळ नव्हते. पाणी उताराने येई आणि उतारानेच पुढे जाई. मात्र अशा कालव्याचे आयुष्य त्याच्या देखभालीवर अवलंबून असते. वाळूच्या प्रदेशातून वाहणारा कालवा दरसाल गाळाने भरतो आणि एका वर्षाचे दुर्लक्षही त्याला पुरेसे होते. म्हणून कालव्याच्या जोडीला हवेल्यांच्या चौकांतील, मंदिरांच्या आवारांतील आणि मोहल्ल्यांतील विहिरी हाच शहराचा कायमचा आधार राहिला.

विहिरीतून पाणी काढण्याची रीत आपल्याकडील मोटेसारखीच होती. नावे तेवढी निराळी. आपण जिला मोट म्हणतो तिला तिकडे चडस म्हणतात, आपल्या नाड्याला लाव म्हणतात, आपल्या चाकाला भूण म्हणतात, आणि बैल ज्या उतारावरून खाली जातात त्या आपल्या धावेला सारण हे नाव आहे. विहीर जितकी खोल तितकी सारण लांब, असा साधा हिशेब असल्यामुळे विहिरीत न डोकावतादेखील तिची खोली जमिनीवर मोजता येत असे. खोलीचे माप पुरुषांत, म्हणजे माणसाच्या अंगच्या मापात, सांगत. पश्चिम राजस्थानात साठ पुरुष खोल असलेल्या विहिरीला साठी असे नावच पडलेले आहे. बैल हाकणारा एक, काठावर उभा राहून भरलेली चडस थारोळ्यात रिकामी करणारा दुसरा, आणि या दोघांचा मेळ आरोळीवर. जुन्या विहिरींच्या काठाच्या दगडांवर दोरांनी पडलेल्या खाचा आजही बोटाने चाचपता येतात. काही ठिकाणी त्या इतक्या खोल आहेत की बोटाचे पहिले पेर त्यांत बुडते. त्या खाचा पाहिल्या म्हणजे लक्षात येते की पाणी वर येण्यासाठी काय झिजते, हे त्या काळी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होते.

आणि जे झिजते ते दुरुस्त करावे लागते, हेही डोळ्यांसमोर होते. नाडा वळणे, चामड्याची चडस शिवणे आणि तिला तेल पाजणे, भुणाचा कणा बदलणे, उन्हाळ्यात पाणी तळाला गेले असता विहिरीत उतरून गाळ काढणे, ढासळलेला बांध चुन्याने पुन्हा बसविणे: ही सर्व कामे ठरलेल्या ऋतूत होत आणि चांभार, सुतार, लोहार, गवंडी यांचा त्यांत हक्काचा वाटा असे. या व्यावहारिक देखभालीला धर्माचे अधिष्ठान होते. बाळंतीण स्त्रीने सोयर संपल्यावर विहिरीवर जाऊन तिची पूजा करावयाची, हा जळवापूजनाचा संस्कार राजस्थानात अद्याप पाळला जातो; विहीर नसेल तेथे हातपंपाची किंवा नळाचीही पूजा करतात. ज्या वस्तूची कुटुंबातील प्रत्येक जन्माच्या वेळी पूजा व्हावयाची आहे, ती वस्तू बुजू देणे, तीत केर टाकणे किंवा तिच्या काठाची पडझड पाहत राहणे लोकांना सहजासहजी शक्य होत नसे. उपसण्याचे साधन, विहीर आणि विहिरीतले पाणी या तिहींची निगा हे त्या व्यवस्थेत एकच काम होते. या लेखाचा मुख्य मुद्दा तोच असल्यामुळे तो येथेच नोंदवून ठेवतो.

यंत्रयुग जयपुरात आले ते महाराजा सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत. १८३५ ते १८८० या दीर्घ कालावधीत गादीवर असलेल्या या सुधारणाप्रिय राजाने गॅसचे दिवे, रामनिवास बाग, इस्पितळ, विद्यालये यांच्याबरोबर नळाचे पाणीही शहरास दिले. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतार्थ ज्या शहराला गुलाबी रंग देण्यात आला, त्याच शहरात त्याच दशकात अमानीशाहच्या नाल्याकाठी वाफेचे पंप बसले आणि नाल्याचे पाणी लोखंडी नळांतून वर चढू लागले. राज्याच्या बांधकाम खात्याची सूत्रे १८६७ पासून कर्नल स्विंटन जेकब यांच्या हाती होती. अल्बर्ट हॉलमुळे त्यांचे नाव वास्तुशिल्पाच्या इतिहासात राहिले असले तरी राज्यभर बांधलेले तलाव आणि बंधारे हे त्यांच्या खात्याचे कार्यही तितकेच थोर आहे. १८८७ मध्ये रुडयार्ड किपलिंग तेथे गेला तेव्हा देशी संस्थानातील हे जलयंत्र त्याला वर्णनीय वाटले. भिस्त्याच्या पखालीवर आणि हवेलीच्या विहिरीवर अवलंबून असलेल्या प्रजेला तोटी फिरविताच पाणी मिळणे, ते मिळण्यासाठी कोणाची जात अगर ऐपत आड न येणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. आणि जे लोक जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातात त्यांनी ही बाजू विसरता कामा नये. जुनी विहीर सर्वांची देवता होती, परंतु तिच्या काठावर सर्वांना सारखा प्रवेश नव्हता.

वाफेच्या पंपाबरोबरच एक नवी शंका जन्माला आली: नाला आटला तर पंप काय उचलणार? तिचे उत्तर म्हणून महाराजा माधोसिंह यांच्या काळात शहराच्या ईशान्येस बाणगंगेवर रामगढचे धरण हाती घेण्यात आले. डिसेंबर १८९७ मध्ये त्याची कोनशिला बसली, १९०३ मध्ये ते पूर्ण झाले आणि १९३१ पासून त्याचे पाणी जयपुरास मिळू लागले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ रामगढ हे जयपूरच्या गृहस्थाश्रमाचे निश्चिंत आश्रयस्थान होते; १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती त्याच जलाशयावर झाल्या, यावरून त्यातील पाण्याचा विस्तार लक्षात यावा.

तथापि शहर तटाबाहेर पडल्यावर नळाचे पाणी प्रत्येक घरी पोहोचले नाही, आणि पोहोचले तेथे ते अहोरात्र नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात दिवाण असलेल्या सर मिर्झा इस्माइल यांनी तटाबाहेरच्या वसाहतींची आखणी केली; सी-स्कीम हे तिचे अक्षरनाम अद्याप चालू आहे. अशा वसाहतींतील घराला स्वतःच्या आवारातल्या विहिरीचा आधार लागे, आणि बैलांची धाव घालावयास त्या आवारात जागा नसे. विजेवर चालणारा घरगुती पंप या नव्या जीवनपद्धतीत शिरला तो अशा गरजेने. तो देशी बनावटीचा मिळू लागला यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि नांगर व चरक यांच्या पाठोपाठ १९२६ मध्ये तेथे केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागला. पुढे बिडाच्या त्या शंखाकृती पंपाने गंगथडीपासून मारवाडापर्यंत असंख्य विहिरींच्या काठी आसन मांडले.

हा पंप विहिरीच्या काठी बसला खरा, पण निसर्गाचा एक नियम त्याला फार दूर बसू देत नव्हता. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो; वास्तविक तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब मर्यादित आहे. ठराविक उंचीपलीकडे पंपाने पाणी ओढले जात नाही, हा कारागिरांचा अनुभव गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केला आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने त्याचे कारण दाखवून दिले. समुद्रसपाटीला ही सीमा सुमारे १०.३ मीटर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंच असलेल्या जयपुरात ती १० मीटरांच्याही आत येते, आणि नळीतील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा यांमुळे व्यवहारात ६–७ मीटरांवर समाधान मानावे लागते. म्हणून पाणी उतरू लागले की घरधन्याला पंपच विहिरीत उतरवावा लागे. काठाच्या आत लोखंडी गर्डर टाकून त्यावर मोटार ठेवावयाची, दोन वर्षांनी ती आणखी खालच्या गर्डरावर न्यावयाची, आणि एखाद्या जोराच्या पावसाळ्यात पाणी अकस्मात वर आले म्हणजे बुडालेली मोटार बाहेर काढून वाळवत बसावयाचे, हा क्रम अनेक घरांनी अनुभवला.

या पंपाची देखभाल घरच्या माणसालाही जमण्यासारखी होती. तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला की नळीतले पाणी रात्रीतून उतरून जाई आणि सकाळी पंप नुसता गरगर फिरे. मग वरच्या नरसाळ्यातून तांब्या-तांब्याने पाणी भरावयाचे, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावयाची आणि मगच कळ दाबावयाची. दांड्याभोवतीची ग्लँडदोरी सैल झाली तर पाणी ठिबके, फार आवळली तर दांडा तापे. थेंब थेंब गळू देणे हीच तिची योग्य अवस्था, हे जाणत्याला ठाऊक असे. पाणी किती खाली गेले हे विहिरीत वाकून पाहता येत होते आणि पंपाचा श्वास लागल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. यंत्र आले होते, तरी पाणी अद्याप दृष्टीआड झाले नव्हते.

ग्रामीण राजस्थानात याच सुमारास निराळ्या साधनाने क्रांती केली, आणि तिच्याही मुळाशी मराठी मुलूख आहे. १९६०-७० च्या दशकांत दुष्काळग्रस्त भागांत कठीण खडकातून विंधणविहिरी घेतल्या जाऊ लागल्या. परंतु त्यांवर बसविलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराच्या बेताचे होते, आणि सबंध गावाच्या रात्रंदिवस वापराने ते काही महिन्यांत मोडून पडत. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या कर्मशाळेत आणि नंतर सोलापुरात या पंपाचा पोलादी, दणकट अवतार घडला. त्याच धड्यांवरून युनिसेफच्या सहकार्याने १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सिद्ध झाला आणि तो हिंदुस्थानच्या सीमा ओलांडून आफ्रिकेपर्यंत गेला. परंतु दणकट पंपालाही दुरुस्ती लागतेच, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून सरकारी गाडी येईपर्यंत गाव तहानलेले राहत असे. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने यावर गावातल्याच तरुणांना हातपंप-मिस्त्री म्हणून तयार करण्याचा उपाय काढला. पाना आणि साखळी हाताळणारा माणूस त्याच पंपाचे पाणी पिणारा असावा, या तत्त्वात जुन्या विहिरीचे शहाणपण नव्या यंत्राच्या सेवेस लावले होते.

शहराची वाट मात्र वेगळी झाली. रशियन साम्राज्यात जन्मून अमेरिकेत गेलेल्या अरुतुनॉफ या अभियंत्याने तेलविहिरींसाठी सिद्ध केलेला, मोटारीसकट द्रवात बुडून काम करणारा पंप कालांतराने पाण्याच्या कूपनलिकांत आला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जयपूरच्या घराघरांत पोहोचला. हा पाणबुडी पंप पाणी खालून वर ढकलतो. त्यामुळे टॉरिचेलीची मर्यादा त्याला लागू नाही. एकावर एक रचलेल्या पंख्यांचे टप्पे वाढवीत गेले की तो १०० मीटरांवरून पाणी देतो आणि २०० मीटरांवरूनही देतो. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलण्यास निव्वळ हिशेबाने पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपाचे व मोटारीचे नुकसान धरले तरी तो आकडा एका युनिटाच्या आत राहतो. ज्या खोलीने पूर्वी सारण लांबविली, बैल दमविले आणि दगडाला खाचा पाडल्या, ती खोली वीजबिलाच्या एका ओळीत मावू लागली.

अशा पंपाची दुरुस्ती एकदा जवळून पाहावी. मिस्त्री आणि त्याचे दोघे-तिघे साथीदार कूपनलिकेच्या तोंडावर लोखंडी तिवई उभारतात, तिला साखळीची कप्पी टांगतात आणि वरच्या नळाला शिकंजा आवळून पहिला खेच घेतात. वीस फुटांचा एक नळ वर आला की खालच्या नळाला दुसरा शिकंजा लावून तो तोंडावर टेकवावयाचा, दोन पाने उलटसुलट लावून सांधा सोडावयाचा, आणि सुटा नळ भिंतीशी नेऊन उभा करावयाचा; नळासोबत बांधलेली केबल एकजण वेटोळे करीत जातो, कारण तिला खरचटले तर पुढची सगळी मेहनत व्यर्थ. पंधरा नळ निघाले म्हणजे तीनशे फूट झाले. नळांच्या बाहेरच्या अंगावर गंजाची जी सीमा दिसते, ओल्या आणि कोरड्या भागांमधली, तिच्यावरून मिस्त्री पाणी कुठे होते आणि कुठे गेले हे बोट ठेवून सांगतो. शेवटी पंप बाहेर येतो. त्याचे पंखे वाळूने घासून कडेला पातळ झालेले असतात, किंवा पाणी उतरल्यावर तो कोरडा फिरल्यामुळे मोटारीची वाइंडिंग जळून तिला तो ओळखीचा करपट वास येत असतो. स्टार्टरच्या पेटीतला कपॅसिटर फुगलेला निघाला तर घरधनी सुदैवी, कारण मग दुखणे वरच होते. नाहीतर नवा पंप येतो, आणि तो सोडताना मिस्त्री विचारतो: दोन नळ वाढवू काय? घरधनी बहुधा होकार देतो. जयपूरची ती उभी रेषा गेल्या काही दशकांत वीस-वीस फुटांच्या अशाच होकारांनी लांबत गेली आहे.

वर आलेल्या पाण्याला घरात दाब देण्याची पद्धतही याच काळात पालटली. प्रथम गच्चीवर सिमेंटची टाकी असे. मग गुजरातेत १९७० च्या दशकात निघालेल्या प्लॅस्टिकच्या काळ्या टाक्या सर्वत्र झाल्या. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब, हे गणित आमेरच्या महालात होते तेच येथे लागू आहे; त्यामुळे टाकीलगतच्या वरच्या मजल्यावर तोटी मंद वाहते आणि तळमजल्यावर जोराने. या विषमतेवर उपाय म्हणून अलीकडे दाबपंप आणि त्याच्या जोडीला रबरी पिशवीची दाबटाकी बसविण्याची प्रथा पडली. पिशवीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कोंडलेली हवा. तोटी उघडताच हवा पाण्याला रेटते आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला तरच पंप सुरू होतो. ही हवा वर्षातून दोनदा सायकलच्या मापकाने तपासावी आणि ती पंप सुरू होण्याच्या दाबाहून किंचित कमी ठेवावी, एवढीच या टाकीची प्रमुख निगा आहे. ती न राखल्यास पिशवी फाटते, दर तांब्यामागे पंप सुरू-बंद होऊ लागतो आणि काही आठवड्यांत मोटार जळते. दुसरीकडे, नळाच्या सार्वजनिक वाहिनीलाच लहान पंप जोडून शेजाऱ्याचा दाब आपल्याकडे ओढण्याचा प्रकारही शहरोशहरी बोकाळला. आपण ज्याला टिल्लू पंप म्हणतो, तोच तिकडचा टुल्लू. तो बेकायदेशीर आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो अन्यायाचा आहे.

इकडे आधारस्तंभही ढळत होते. रामगढच्या पाणलोटात बांध-बंधारे आणि अतिक्रमणे वाढत गेली, बाणगंगेचे पाणी जलाशयापर्यंत पोहोचेनासे झाले आणि नव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ज्या तलावावर शर्यती झाल्या होत्या तो कोरडा पडला. पाणलोटक्षेत्रांतील अडथळे हटविण्याविषयी राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आदेश दिला. परंतु हरवलेले प्रवाह कागदावरील हुकुमाने तत्काळ परत येत नाहीत. शेवटी टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बिसलपूर धरणातून शंभर किलोमीटरांहून लांब नळवाटेने २००९ पासून जयपुरास पाणी येऊ लागले. तेही पंपांच्याच बळावर चढत येते, आणि बनासच्या खोऱ्यात पाऊस रुसला की राजधानीच्या घराघरांत चिंता पसरते. अशा दिवसांत आवारातली कूपनलिका पुन्हा घराचा आधार बनते.

या सर्व इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो मला स्पष्ट शब्दांत मांडावासा वाटतो. आपण यंत्राची निगा राखण्यात पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे गेलो आहोत. जळालेली मोटार एका दिवसात बदलून मिळते, सुटे भाग प्रत्येक पेठेत आहेत, आणि मिस्त्रीचे कसब वाखाणण्याजोगे आहे. परंतु उपसण्याचे साधन आणि उपसले जाणारे पाणी यांची निगा, जी चडस आणि सारण यांच्या काळात एकजीव होती, ती आता दुभंगली आहे. पंप बंद पडला तर घर अस्वस्थ होते. पाणी वीस फूट उतरले तर दोन नळ वाढवून घर निश्चिंत होते. या निश्चिंततेत मिस्त्रीचा दोष नाही, कारण त्याला जे काम सांगितले जाते ते तो चोख करतो. दोष आहे तो दुरुस्तीची कल्पना संकुचित करणाऱ्या आपल्या सर्वांचा, आणि हे जयपूरइतकेच पुणे, नाशिक, लातूर यांनाही लागू आहे.

उपाय फार मोठे किंवा खर्चाचे नाहीत. जयपूरच्या जुन्या राज्यकारभाराची एक थोर सवय म्हणजे नोंद. तेथील कारखान्यांची आणि परगण्यांची दफ्तरे आज बिकानेरच्या अभिलेखागारात अभ्यासकांना उपलब्ध आहेत आणि त्या काळचा आणा-पैचा हिशेब आपणास वाचता येतो. त्याच सवयीचा अवलंब घरोघरी व्हावा. पंप जेव्हा जेव्हा बाहेर निघेल तेव्हा तारीख, स्थिर पाण्याची पातळी, लावलेल्या नळांची संख्या आणि पंप जळण्याचे कारण एवढ्या चार गोष्टी घरच्या वहीत लिहून ठेवाव्यात, आणि मोहल्ल्याने त्या एकत्र कराव्यात. मिस्त्रीच्या स्मरणात विखुरलेले हे ज्ञान एकवटले तर प्रत्येक वस्तीला आपल्या पायाखालच्या पाण्याचे खरे दफ्तर मिळेल. गच्चीवरचे पावसाचे पाणी, गाळून, त्याच आवारातल्या निकामी झालेल्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे आणि या कामाचा खर्च नव्या पंपाच्या खर्चातच धरावा. दोन नळ वाढविण्याचा होकार देण्यापूर्वी आपण या वर्षी जमिनीत किती पाणी घातले, हा प्रश्न घरधन्याने स्वतःला विचारावा. पंपाची दुरुस्ती हे मिस्त्रीचे काम आहे आणि राहील. विहिरीची आणि तिच्यातल्या पाण्याची दुरुस्ती हे जो ते पाणी पितो त्याचे काम आहे, आणि ती जबाबदारी कोणत्याही यंत्राकडे सोपविता येत नाही.